ब्रेकमास्तरांचं ‘हं’

ब्रेकमास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. या सबंध काळात ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसले, आणि त्या सीटपुढे पायाशी एक जादा ब्रेक होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रत्येक गाडीत तो असतो. बाकीचे शिक्षक तो अडीअडचणीला वापरत. मास्तर मात्र समोरून सायकल येताना दिसली की दाबत, कोपऱ्यावर दाबत, आणि कधीकधी रस्ता पूर्ण मोकळा असताना, केवळ तो जागेवर आहे ना हे पाहायलाही दाबत. त्यांच्या गाडीचे ब्रेक इतरांच्या निम्म्या वेळात झिजत. नाव तिथून पडलं.

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ ते परीक्षेच्या कचेरीबाहेर शिकले. विद्यार्थी आत लायसनची परीक्षा देत असायचे आणि चार शाळांचे चार शिक्षक बाहेर ताटकळत असायचे. पत्ते गाडीच्या बॉनेटवर पडत. समोरासमोरचे दोघे जोडीदार. आधी बोली लागते, म्हणजे आपली जोडी किती हात जिंकणार याचा शब्द द्यायचा, आणि मग तो पाळून दाखवायचा. बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराचे पत्ते उघडे मांडावे लागतात. ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून वायपरखाली खोचत. जोडीदाराने ‘चार बदाम’ बोलताच पत्ते खोचून गाडी पुसायला लागलेला माणूस त्या कचेरीत कुणाला विचित्र वाटत नसे.

निवृत्तीनंतर मास्तरांना इंटरनेटवर ब्रिज शिकवणारी एक मंडळी सापडली. शिकवणारे सगळे हौसेने येतात, शिकणारे घरबसल्या येतात. मास्तरांना चार नवशिके मिळाले. दातांचे एक डॉक्टर, लिफ्ट दुरुस्त करणारा एक कारागीर, एक ग्रंथपाल आणि कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या टेलरबाई. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. चौघं आपापल्या स्क्रीनवर खेळायचे आणि मास्तरांना चौघांचेही पत्ते दिसायचे.

“क्लिक करण्याआधी बोलून दाखवायचं,” त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “म्हणजे विचार कळतो.”

हे ऐकून त्यांची बायको आतल्या खोलीत हसली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. एवढ्या वर्षांत तिने नवऱ्याच्या गाडीत एक धडा घेतला आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या शाळेत नाव घातलं. “ह्यांच्याकडे शिकले असते तर आजही दुसऱ्या गिअरमध्येच असते,” असं ती पाहुण्यांना सांगते, नवरा समोर बसलेला असताना. आता गाडी तीच चालवते. मास्तर शेजारी बसतात आणि जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबतात.

वर्ग छान चालला. सात-आठ महिन्यांत चौघं इतकं चोख बोलायला लागले की मंडळीच्या पत्रकात मास्तरांचं नाव आलं. त्यांनी ते पत्रक छापून घेतलं आणि फ्रीजवर लावलं. बायकोने त्यावर दूधवाल्याचा नंबर लिहिला.

याच सुमारास टेलरबाईंनी एक गोष्ट काढली. त्यांच्या मोठ्या नणंदेचं दुसऱ्या गावातून दर गुरुवारी ऑनलाइन टेबल असतं. बावीस वर्षं जुनं, आधी दिवाणखान्यात, आता स्क्रीनवर. नणंदेची जोडीदार परदेशी लेकीकडे राहायला चालली होती. तिथलं घड्याळ उलटं, त्यामुळे खुर्ची रिकामी होणार होती.

“मी म्हटलं, ताई, मी बसू का? तर म्हणाल्या, वहिनी, तुला साधी रमी तरी येते का?”

“मग?”

“मग मी सांगितलं, शिकतेय म्हणून. मी त्यांच्या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या सगळ्यांच्या पँटी मीच आखूड करतेय, सर. त्या टेबलावर कधी चहा घेऊनसुद्धा आत जायचं नाही, डाव चालू असतो म्हणून. शेवटी म्हणाल्या, बरं, रविवारी सोळा डाव खेळून दाखव. महिन्याभराने.”

“येईल तुम्हाला,” मास्तर म्हणाले. त्यांना खात्री होती. पुढच्या गुरुवारपर्यंत टिकली.

त्या गुरुवारी बायकोने व्हॅक्यूम क्लीनर फिरवला आणि टेबलाखालची माइकची वायर निसटली. मास्तरांना सगळ्यांचं ऐकू येत होतं. त्यांचं कुणालाच ऐकू जात नव्हतं, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“दोन चौकट म्हणू?” डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टर माउस धरून थांबले.

“सर? दोन चौकट?”

“सर विचार करतायत,” टेलरबाई म्हणाल्या.

“मग मी चुकलो असणार. एक चौकट?”

“मी पास करणार होतो,” ग्रंथपाल म्हणाले. “म्हणजे, पास करू ना?”

“अहो, करा की,” मास्तर इकडून म्हणाले. कुणी काही केलं नाही. लिफ्टवाल्याने मधेच विचारलं की नेट गेलंय का. टेलरबाई म्हणाल्या, नाही, सर दिसतायत, ओठ हलतायत. चार माणसं अकरा मिनिटं बावन्न पत्त्यांकडे बघत बसली. एकही बोली लागली नाही.

वायर बसली तेव्हा टेलरबाईंनीच खुलासा केला. “तुमचं ‘हं’ आलं नाही ना, सर.”

“कुठलं हं?”

मग चौघांनी मिळून त्यांना त्यांचंच ‘हं’ समजावून सांगितलं. आखूड ‘हं’ म्हणजे बरोबर. लांबलेलं ‘हंऽ’ म्हणजे आणखी एकदा गुण मोजा. आणि सर खाकरले तर हात माउसवरून काढायचा. डॉक्टरांकडे याची लेखी टिपणं होती. कुणी गुण मोजून बोलत नव्हतं, सगळे मास्तरांच्या घशावर बोलत होते. जोडीदाराच्या आवाजावरून अंदाज बांधायला ब्रिजमध्ये सक्त मनाई आहे, हे मास्तरांनी तिसऱ्या धड्यात तासभर शिकवलं होतं. तेव्हाही ते बहुधा मधेमधे ‘हं’ करत होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

“परीक्षेला टेलरबाईंच्या शेजारी मी नसणार,” शेवटी म्हणाले.

“लायसनच्या परीक्षेलाही नसायचात,” बायको म्हणाली. “तुमचे किती पास व्हायचे?”

“दुसऱ्या खेपेला बरेच.”

बायकोने उठून माइक काढला, वायर गुंडाळली आणि पर्समध्ये टाकला.

पुढचे सहा वर्ग मास्तरांनी तोंडातून ब्र न काढता घेतले. जे सांगायचं ते डाव संपल्यावर लिहून. विद्यार्थी वैतागले. “मी पेशंटला तोंड उघडं ठेवा म्हणून सांगतो आणि घरी निघून जात नाही,” डॉक्टर म्हणाले. पहिले दोन वर्ग नुसते अपघात झाले. टेलरबाईंनी एका संध्याकाळी पाच डाव बुडवले आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. पाचव्या वर्गात त्यांनी वहीत गुण मोजायला सुरुवात केली. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. एवढं त्यांना पहिल्या आठवड्यापासून येत होतं. लागलं नव्हतं इतकंच.

रविवारी सकाळी मास्तर दहा मिनिटं आधी स्क्रीनसमोर बसले. प्रेक्षकाला सगळे पत्ते दिसतात आणि टेबलावरचं बोलणं ऐकू येतं, पण काही सांगता येत नाही. बायकोने शेजारी खुर्ची ओढली.

“तू कशाला?”

“तुमच्यावर नजर ठेवायला.”

नणंदेच्या समोर, रिकाम्या होणाऱ्या जागेवर, टेलरबाई. पहिले आठ डाव धड जमले ना धड बिघडले. अकराव्यात घोडं अडलं. टेलरबाईंनी ‘एक बदाम’ म्हटलं, नणंदेने ‘तीन बदाम’. म्हणजे, माझ्याकडे बऱ्यापैकी आहे, तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर चारवर ने. टेलरबाईंकडे चौदा गुण होते. चार बोलायचे पत्ते होते.

स्क्रीनवर काही हललं नाही. वीस सेकंद. चाळीस.

“वहिनी, आहेस ना?” नणंद म्हणाली.

मास्तरांनी श्वास घेतला.

“श्वास धरा,” बायको हळूच म्हणाली. “हलू नका. आणि पाय काढा, माझ्या चपलेवर आहे.”

सत्तराव्या सेकंदाला स्पीकरमधून आवाज आला. “हं.” आखूड.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पर्सकडे. पर्स बंद होती. आवाज टेलरबाईंचा होता. पाठोपाठ बोली उमटली. चार बदाम.

खेळताना सगळं एका पत्त्यावर येऊन ठेपलं. इस्पिकची राणी डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याकडे आहे की उजवीकडच्या. मास्तरांना ती डावीकडे दिसत होती. टेलरबाईंनी ती उजवीकडे धरली. एक हात कमी पडला, शब्द मोडला. बायकोची चप्पल पुन्हा मास्तरांच्या पायाखाली गेली.

“गेली राणी,” टेलरबाई म्हणाल्या. “सॉरी, ताई.”

“सॉरी कसलं? राणी मलाही दिसत नव्हती. चार बोलायलाच हवे होते.” नणंद जराशी थांबली. “आधीची बाई तीनवर पास झाली असती आणि वर मला शहाणपण शिकवलं असतं. चल, पुढचा डाव.”

सोळाव्या डावानंतर हिशेब मांडला तर टेलरबाईंची जोडी थोडक्यात हरली होती. नणंदेला त्यात फारसा रस दिसला नाही.

“गुरुवारी सहाला,” ती म्हणाली. “उशीर चालणार नाही. आणि वहिनी, बोलीआधी ‘हं’ करायचं नाही. नियमात बसत नाही ते. ही खोड कुठून लागली तुला?”

“शिकताना लागली,” टेलरबाई म्हणाल्या.

मास्तर दिवसभर खुशीत होते. फ्रीजवरचं पत्रक त्यांनी सरळ केलं. संध्याकाळी ध्यानात आलं की गुरुवारी सहाला आपलाही वर्ग असतो. टेलरबाईंचा निरोप आलाच. मंगळवारी येईन, सर, गुरुवारचं काही जमायचं नाही. मास्तरांना याचं नवल वाटायला नको होतं. एकतीस वर्षांत लायसन मिळालेला एकही माणूस पुन्हा शिकायला आला नव्हता. तरी त्यांनी तो निरोप दोनदा वाचला.

तिघांत ब्रिज होत नाही. गुरुवारी सहाला पाच मिनिटं असताना बायको आतल्या खोलीत आपला लॅपटॉप उघडून बसली.

“एक्क्याचे किती म्हणालात?”

“चार. तू खेळणार?”

“माइक पर्समध्येच राहणार असेल तर.”

तिचे पहिले पत्ते वाटले गेले. सोळा गुण होते; बोली लावायला बारा-तेरा पुरतात. मास्तरांना आपल्या स्क्रीनवर स्पष्ट दिसत होते. भिंतीपलीकडे बायको सावकाश मोजत होती, आणि मोठ्याने म्हणाली, “पास.”

मास्तर खाकरले.

“ऐकू आलं,” ती आतून म्हणाली. “भिंतीलाही माइक बसवलाय का?”

बोली तिने बदलली नाही.