पराभवानंतरचे समास

भैयाजी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या एका गावाचे एकदा सरपंच झाले होते. एकदाच. पुढच्या निवडणुकीत पडले, धानाची शेती ठेक्याने दिली आणि मुलाकडे गोंदियाशेजारच्या फुलचूरला राहायला आले. पण अंगातलं सरपंचपण काही गेलं नाही. ऑटोवाल्यालाही "तुझी काय समस्या आहे?" असं विचारून मगच ते ऑटोत बसत.

त्यांच्या साडूंनी, सुखरामजींनी, आत्मचरित्र छापलं. ते इतकं जाड होतं की टेबलावर आधाराशिवाय उभं राहायचं. भैयाजींनी ते उभं राहिलेलं पाहिलं, वाचलं मात्र नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात गोंदियात नूतनच्या टायपिंगच्या दुकानात जाऊन बसले. पुस्तकाचं नाव तयारच होतं, 'मी आणि माझा तालुका'. तालुक्याला कुणी विचारलं नव्हतं.

ते बोलत, नूतन टाईप करून पानं लावत असे. जन्म, शाळा, निवडणूक, विजय आणि मग सरपंचपदाची वर्षं. एक हातपंप दुरुस्त झाला तर त्याला स्वतंत्र प्रकरण. बाजूला जेमतेम बोटभर समास सोडून मजकूर ठासून भरला गेला. घाई भैयाजींनाच होती. एवढा भाग त्यांनी लगेच प्रेसला पाठवून छापूनही घेतला.

मग पराभव आला, आणि त्यानंतर भैयाजींकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. पुढचं सगळं आयुष्य थोड्याशा पानांत आटोपलं. नूतनने जाडीचा अंदाज सांगितला तेव्हा ते अस्वस्थ झाले.

"उभं राहील का वो?"

"कोण, काका?"

"पुस्तक."

"नाही जी. पडेल."

हा शब्द भैयाजींना कधीच आवडत नसे.

"अक्षर मोठं कर."

"पहिलीच्या पोरांचं पुस्तक वाटेल."

"मंग बाजूची जागा वाढव."

"ती पहिल्या पानापासून वाढवायला पाहिजे होती. अर्धं तर छापून झालं. मधूनच मार्जिन बदललं तर अजीब दिसेल, काका."

"दिसू दे. लोकं मजकूर पाहतात. बाजू कोण पाहते?"

नूतनने 'पराभवानंतर' या प्रकरणापासून नवा विभाग पाडला आणि समास दुप्पट केले. बांधून पाहिलेली नमुना प्रत तरी झुकतच होती, म्हणून पुढच्या प्रकरणात आणखी वाढवले. शेवटच्या प्रकरणापर्यंत मजकूर एसटीच्या तिकिटाएवढा अरुंद झाला. पानाच्या वरची पुस्तकाच्या नावाखालची रेघ तेवढी जुन्याच रुंदीची राहिली, किडकिडीत नवरदेवाला भावाचा फेटा घातल्यासारखी. पण पुस्तक उभं राहिलं.

गोरेगावात प्रकाशन झालं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक होते. पुस्तक त्यांना मंचावरच मिळालं. त्यांनी शेवटची पानं चाळली आणि गंभीरपणे म्हणाले, "लेखकाने आपल्यासाठी जागा मोकळी सोडली आहे." टाळ्या पडल्या. भैयाजींना स्वतःचा हेतू तेव्हाच कळला. त्या दिवसापासून ते प्रत देताना प्रत्येकाला सांगू लागले, "लिहा, बाजूला लिहा. मी जागा कायले ठेवली?" गावच्या वाचनालयालाही त्यांनी एक प्रत भेट दिली.

धानकापणी आटोपल्यावर ते गावात गेले, तेव्हा वाचनालय सांभाळणारा सेवकराम म्हणाला, "भाऊ, तुमचं पुस्तक इथं टिकतच नाही. गावभर फिरूनच राहिलं." भैयाजींची छाती फुगली. त्यांनी पुस्तक उघडलं.

पहिला अर्धा भाग कोरा करकरीत होता. भैयाजी ज्या पानांवर सरपंच होते, त्या पानांवर कुणाला बोलायला जागाच नव्हती. 'पराभवानंतर'पासून मात्र गाव सुरू झालं होतं.

'मतदारांनी मला का पाडले, हे मला आजही कळलेले नाही,' असं छापलेलं वाक्य होतं. शेजारी निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'टाकी बांधली, तिच्यात पाणी काऊन नाही सोडलं? – रुख्मा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'ग्रामसभा सोताच्या ओसरीत घेत होते. चहा पण नाही.' त्याखाली लाल शाईत, 'हम भी यही कहते हैं.' तिथून एक बाण पुढच्या पानावर गेला होता. पुढचं पानही भरलेलं होतं.

भैयाजी कानापर्यंत लाल होत पानं उलटत राहिले. एका पानावर ते थांबले. 'पत्नीने मोलाची साथ दिली.' अख्ख्या पुस्तकात बायकोविषयी एवढंच वाक्य होतं. शेजारी ओळखीचं गोल अक्षर होतं. मागच्या महिन्यात भाचीच्या बारशाला ती गावात येऊन गेली होती. तिने एकच ओळ लिहिली होती, 'माझं नाव शकुंतला आहे.'

मग पान मागे उलटून रुख्माच्या ओळीकडे वळले.

"सेवकराम, पेन दे."

"वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायची मनाई आहे जी."

"मंग ह्या लोकायनं?"

"ते घरी नेऊन लिहितात. मी काय करू?"

"अरे, मी लेखक आहे!"

"म्हणूनच तं. तुमचं लिहून झालं ना."

"ठीक आहे, मीबी घरी नेतो."

"नंबर लागले आहेत, भाऊ. आज रुख्माबाई नेऊन राहिल्या. त्यांचं अजून अर्धंच झालं."

भैयाजींनी रांगेत आपलं नाव सांगितलं आणि एसटी पकडायला फाट्याकडे निघाले.