बोहुमिलाची अर्धवट बाग

आमच्या पोदलिपी गावाची बखर सव्वापाच किलोची आहे. मी माझ्या दुकानातल्या काट्यावर स्वतः तोलली आहे. वर्षभरात गावात काय घडलं ते न पुसणाऱ्या शाईने, हाताने, सुवाच्य अक्षरात लिहायचं. पानांवर नंबर असतात, पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही. आणि जानेवारीत सगळं पंचायतीच्या सभेत वाचून दाखवायचं. आठ वर्षं हे काम माझी भावजय बोहुमिला करत होती, आणि गेल्या वर्षी ते तिच्या हातून जायची वेळ आली.

दोष तिचाच होता. माणसाने एखादा छंद धरावा. तिला सतरा. तीस वर्षं डेअरीत दुधाचं फॅट मोजलं, पण डोकं सदा दुसरीकडे. कोणाच्या फाटकाचा आवाज कसा, पाकोळ्या कोणाच्या वळचणीला येतात, नाताळच्या जेवणासाठी जिवंत आणून बाथटबमध्ये सोडलेल्या कार्प माशांना गावातली पोरं कोणकोणती नावं देतात, मोज्याची टाच विणायच्या किती तऱ्हा, सगळं बाई टिपून ठेवणार. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये चमच्यांपेक्षा चिठ्ठ्या जास्त, आणि एकही चिठ्ठी पुरी नाही. माझा भाऊ ओल्दा म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मी त्याला दुजोरा द्यायचे.

हे सगळं हळूहळू बखरीत सांडायला लागलं. गेल्या वर्षीच्या सभेत ती वाचायला उभी राहिली, तेव्हा गटाराच्या नव्या लाइनला अडीच ओळी होत्या आणि चौरस्त्यावरच्या नासपतीच्या झाडाला चार पानं. गटाराची लाइन म्हणजे आमच्या सरपंचांची, क्रतिनांची, आयुष्यभराची कमाई. ते कानापर्यंत लाल झाले.

"बाई, ही गावाची बखर आहे, तुमची वही नव्हे! आता हे फाडताही येत नाही. शंभर वर्षांनी लोक वाचतील आणि म्हणतील, या गावाला गटार नव्हतं, नुसतं नासपतीचं झाड होतं."

सगळे हसले. मीही हसले. बोहुमिलाने बखर मिटली आणि खाली बसली.

"एक वर्ष देतो," सरपंच म्हणाले. "पुढच्या जानेवारीत मतदान घेऊ. नाहीतर निवृत्त पोस्टमास्तर आहेतच, त्यांचं अक्षरही चांगलं आहे."

पंचायतीत आम्ही सात जण. मी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं की मत तिच्या विरोधात द्यायचं. नणंदेने घरच्या माणसाला पाठीशी घातलं असं कोणी म्हणायला नको, हे एक कारण. आणि मला तिचा खरंच वैताग आला होता, हे दुसरं.

दुसऱ्या दिवशी ती यीस्ट घ्यायला दुकानात आली आणि रडायला लागली. "व्लास्ता, बखर गेली तर मी काय करू? डोक्यात हे सगळं फिरत राहतं गं. कुठे ठेवू?"

"मग कमी फिरव, वहिनी," मी म्हटलं आणि यीस्ट पुढे सरकवलं. मी अशीच आहे.

ईस्टरला तिची लेक इवोना ब्र्नो शहरातून आली. तिने आईचा तो ड्रॉवर पाहिला आणि म्हणाली, "आई, हे बखरीत कशाला कोंबतेस? इंटरनेटवर स्वतःची बाग कर. तिथे तारीखवार काही नसतं. सुचेल तशी छोटी नोंद लावायची, एक नोंद दुसरीला जोडायची, वाटेल तेव्हा परत जाऊन पाणी घालायचं. अर्धवट असली तरी चालते. लोक त्याला डिजिटल बागच म्हणतात." दोन दिवसांत तिने सगळं मांडून दिलं, प्रत्येक नोंदीखाली येणाऱ्या-जाणाऱ्याला लिहायला जागा ठेवली आणि परत गेली.

आमच्या बखरवाल्या बाईने त्या बागेचं काय केलं? आधी कागदावर शाईने लिहायचं, मग ते बघून टाइप करायचं. वर "पान १". खाली सही, तारीख. एक शब्द चुकला तर तो पुसायचा सोडून खाली लिहायचं, "वरील ओळीत चूक झाली आहे, क्षमस्व." जून संपला तरी बागेत एकच पान होतं, आणि त्याचं नाव होतं "प्रस्तावना".

इवोना फोनवर ओरडल्याचं मला वहिनीच्या ओट्यापाशी उभं राहून ऐकू आलं. "आई, बागेला प्रस्तावना नसते!"

"पण अर्धवट गोष्ट लोकांसमोर कशी ठेवायची? चारचौघांत पुन्हा हसं करून घेऊ?"

जुलैत नशिबानेच तिचा हात धरला. ती नासपतीबद्दल टाइप करत होती आणि शेगडीवर जर्दाळूचा जॅम उतू गेला. उठता उठता भलतंच बटण दाबलं गेलं आणि मोडकं वाक्य तसंच जगापुढे गेलं: "चौरस्त्यावरच्या नासपतीच्या एका फांदीवर वेगळ्याच जातीचं कलम आहे, ते कोणी केलं" आणि पुढे काही नाही. काढून कसं टाकायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तीन दिवस तिने लाजेने कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ टाकून ठेवला.

चौथ्या दिवशी ती एप्रन तसाच बांधलेला, धावत दुकानात आली. मला वाटलं ओल्दाला काही झालं.

"व्लास्ता, उत्तर आलं! वृद्धाश्रमातल्या एका म्हातारीने लिहिलंय. कलम तिच्या वडिलांनी केलं होतं, पैज हरले म्हणून! शिडी तिने धरली होती. सहा वर्षांची होती ती!"

"बरं मग?"

"अगं, मी अर्धंच लिहिलं म्हणून तिने उरलेलं लिहिलं. पुरं लिहिलं असतं तर नुसतं वाचून गेली असती!"

त्या दिवसापासून बाई सुटलीच. शाई नाही, सही नाही, पानाला नंबर नाही. नवीन नोंदीपुढे ती "बी" अशी खूण करायची, थोडी वाढली की "रोप", भरभक्कम झाली की "झाड". फाटकांच्या आवाजांची नोंद लोहाराच्या नोंदीला जोडली, लोहाराची त्याच्या बायकोने विणलेल्या मोज्यांना, मोज्यांची बर्फ पडलेल्या एका लग्नाला. लोक खाली लिहायचे, भांडायचे, फोटो पाठवायचे. माझ्या दुकानात पाव घ्यायला आलेल्या बायका विचारायला लागल्या, "आज बागेत काय उगवलं?" ओल्दा फक्त एवढंच म्हणाला की ड्रॉवरमध्ये हल्ली चमचे सापडतात. साठीच्या उंबरठ्यावर माझी भावजय शीळ घालत सायकल चालवायला लागली होती.

मी मात्र ऑक्टोबरपर्यंत तिकडे फिरकले नव्हते. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून फोनवर बाग उघडली. खरं सांगते, मत विरोधात द्यायला आणखी एखादं कारण सापडतं का ते बघायलाच उघडली. तिथे एक नोंद होती, "सासूबाईंची हाक".

"सासूबाई तळ्यावरून पाळलेल्या हंसांना घरी बोलवायच्या. लीबा, लीबा, लीबा, मग एक लांब सूर, आणि त्याच्यामागे काहीतरी छोटंसं. ते छोटं काय ते मला येत नाही. मी या घरात आल्यावर दोनच वर्षांत त्यांचा आवाज गेला. व्लास्ताला येत असणार. तिला विचारायचा धीर होत नाही." पुढे खूण: बी.

सासूबाई म्हणजे माझी आई. आणि मला ते छोटंसं काय होतं ते आठवेना! मी मागच्या कोठीत गेले, बियरच्या क्रेट्सच्या मधे उभी राहिले, दार लावलं आणि आईसारखी हाक मारून पाहिली. पहिल्यांदा नाही जमली. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा लांब सुरानंतर जीभ आपोआप वळली: "पोय, पोय." तिथेच क्रेटवर बसून मी पोटभर रडले.

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "व्लास्ताबाई, आत हंस घुसलाय का?"

मी तीन वाजताच दुकान बंद केलं. भावाच्या घरी गेले आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून हाक मारली. ओल्दा अंगणातून आला, हाताला माती तशीच. उंबऱ्यातूनच म्हणाला, "पुन्हा कर." बोहुमिलाने फोनमध्ये आवाज भरून घेतला. मी पाच वेळा केलं.

"आजवर का नाही विचारलंस, वहिनी?"

"तू मला कमी फिरव म्हणाली होतीस," ती हसत म्हणाली. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

जानेवारी आला. बखरीच्या सभेला एरवी आम्ही सात जण आणि शेगडी. या वेळी पबचा हॉल भिंतीपर्यंत भरला, काही जण खिडकीत बसले. बोहुमिलाने बखर उघडली. पाच पानं. जन्म चार, मृत्यू सहा, गारपीट, अग्निशामक दलाने गावासाठी ठेवलेला नाच, आणि गटाराला तब्बल दीड पान. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सरपंच क्रतिना ऐकता ऐकता गोंधळून गेले.

"आणि माझं फाटक?" मागून एक म्हातारा ओरडला.

"ते बागेत आहे, आजोबा."

"नासपती?"

"तीही बागेतच."

सरपंच घसा खाकरून उभे राहिले. "बखर ठीक आहे, मान्य. पण ती बाग सगळं गाव वाचतं, तेव्हा तीही पंचायतीच्या देखरेखीखाली यावी. नोंद पूर्ण झाल्यावर आधी आम्हाला दाखवायची, मगच टाकायची. हे कबूल असेल तरच बखर तुमच्याकडे."

बोहुमिला उभीच होती. बखरीवर तिचा किती जीव होता ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी याच जागी ती खाली बसली होती.

"सरपंच साहेब," ती म्हणाली, "बखर गावाची आहे. गटाराला म्हणाल तेवढ्या ओळी देईन. बाग माझी आहे. ती अर्धवटच राहणार, कारण अर्धवट आहे म्हणून माणसं आत येतात. बखर काढून घ्यायची तर घ्या. बागेला फाटक नाही लावायचं मी."

"मग मतदान," सरपंच म्हणाले.

"मला कोणी विचारलंय का?" पोस्टमास्तर कोपऱ्यातून ओरडले. "मला नको ती बखर! सव्वापाच किलोची आहे!"

हसण्याच्या गदारोळातच सरपंचांनी विचारलं, बाग तिच्या मर्जीने आणि बखरही तिच्याकडे, हे कोणाला मान्य आहे? सहा हात वर गेले. सरपंचांनी ते दोनदा मोजले, मग मान हलवत सातवा आपला वर केला. लोकांनी टेबलं बडवली, बियरचे ग्लास उड्या मारत होते, आणि ओल्दा, माझा घुमा भाऊ, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होता.

सकाळी दुकान उघडलं आणि पाव मांडायच्या आधी बाग उघडली. नवी नोंद होती, "कालची सभा". चारच ओळी. शेवटची अशी: "व्लास्ताचा हात पहिला वर गेला की दुसरा, ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते. विचारायला हवं." खूण: बी.

मी चष्मा लावला आणि खालच्या जागेत लिहिलं, "पहिला."