विनी टॅपसेलचे हात

विनी टॅपसेलने तीस वर्षं नदीकाठच्या हॉटेलांच्या चादरी धुतल्या. नवरा युद्धात गेला, मूलबाळ नाही. धुण्याच्या सोड्याने तिचे हात पार खाल्लेत. बोटांची पेरं म्हणजे आल्याच्या गाठी. आमच्या चर्चच्या वेदीवरचं कापडही तीच धुऊन, खळ घालून देते. फुलं मी ठेवते. लोक बाहेर पडताना कौतुक करतात ते कापडाचं. मला ते सोसत नाही, हे देवाला ठाऊक आहे.

ईस्टरच्या आधी गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्यात भयपटाचं काम सुरू झालं. एक बाई कसलंसं औषध पिऊन दोनशे वर्षं तरुण राहते. शेवटी औषध संपतं, आणि जिन्याच्या कठड्यावरचा तिचा हात बघता बघता म्हातारा होतो. त्या हातासाठी गावातल्या साठीच्या बायकांना बोलावलं होतं. अमर जीवन बाटलीतून मिळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी आठवडाभर मी ग्लिसरीन नि गुलाबपाणी चोळलं, हातमोजे घालून झोपले.

चर्चच्या हॉलमध्ये सिनेमावाल्यांच्या चष्मेवाल्या साहेबाने माझे हात उलटसुलट पाहिले.

"बाई, हे तर चाळिशीतले वाटतात."

मी लाजले.

"म्हणजे आमच्या कामाचे नाहीत. पुढच्या बाई, या."

पुढे विनी. धुणं तसंच टाकून आलेली, बाह्या कोपरापर्यंत. साहेब खुर्चीवरून उठलाच.

"अहाहा!"

"आहेत ते असे आहेत," विनी म्हणाली. "इस्त्री करून मिळायचे नाहीत."

तिच्याकडे फोन नाही, म्हणून तिने आमचा नंबर दिला. शुक्रवारी फोन आला: मंगळवारी सकाळी आठला पाठवा, नाही आल्या तर दुसरं कुणी बघू. "सांगते," म्हणाले, आणि सांगितलं नाही.

शनिवारी ती दारात. "म्यूरिएल, काही निरोप?"

"नाही गं."

रविवारी मी तिनेच धुतलेल्या कापडासमोर गुडघे टेकून प्रभुभोजन घेतलं. तरीही सोमवार न सांगताच काढला. मंगळवारी साडेसातला मात्र तिच्या परसात धावत गेले.

"आत्ताच फोन आला! आठला पोचायचंय, चल!"

काल आम्ही दोघी तो सिनेमा पाहून आलो. पडद्यावर तो हात आला आणि अख्खं थिएटर किंचाळलं. पुढच्या रांगेतल्या एका तरण्या पोरीने डोळेच झाकून घेतले. विनी रुमालात तोंड खुपसून हसत होती. माझ्या हातांकडे बघून कधी कुणी साधा उसासा टाकला नाही.

बसची वाट बघताना ती म्हणाली, "शुक्रवारीच फोन केला होता म्हणे त्या चष्मेवाल्याने."

मी खांबावरचं बसचं वेळापत्रक वाचायला लागले.

"चार दिवस, म्यूरिएल! दुसऱ्याचा केक करपला तर संध्याकाळपर्यंत गावभर करतेस तू. पोट फुगलं नाही तुझं?"

"विनी, मी..."

"राहू दे गं. तुझ्या जागी मी असते ना, तर बुधवारी सांगितलं असतं."

बस आली. क्षमा मागायची राहूनच गेली. आज सकाळी ती मागायला देवापुढे बसले, तर लक्षात आलं की विनीने न मागताच देऊन टाकली आहे. त्यातही तीच पुढे.