मे महिन्यात मोजलेले गाव

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वॅगनर्स हार्बर या गावात वेल्डा कॉर्कमला घर पुसायला बोलावतात. झाडलोट करणाऱ्या बायका गावात आणखीही आहेत. पुसणे हे निराळे काम आहे. ऑक्टोबर ते मे ज्या घरात एखादे कुटुंब राहिले, त्या घरातून त्या कुटुंबाचा माग इतका नाहीसा करायचा, की जूनमध्ये टोरांटोहून येणाऱ्या मालकाला आपले घर हिवाळाभर आपलीच वाट पाहत उभे होते असे वाटावे. कपाटात मुरलेला माशांचा वास, न्हाणीच्या जाळीत अडकलेले केस, दाराच्या चौकटीवर मुलांची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा, तळघरात आंबत ठेवलेल्या कोबीच्या बरणीचा जमिनीवर उठलेला गोल डाग. वेल्डा यातले काही शिल्लक ठेवत नाही. चौकटीवरच्या रेघा ती आधी घासते आणि मग त्यांच्यावर रंगाचा हात देते, कारण नुसते घासले तर लाकूड बोलते, असे तिचे म्हणणे आहे.

ही रीत आमच्या किनाऱ्यावर कुणाला विचित्र वाटत नाही. समुद्राकडे तोंड असलेली बहुतेक घरे आता बाहेरगावच्या लोकांची आहेत. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत त्यांना पाहुण्यांकडून मिळते तेवढे भाडे गावातला माणूस वर्षभरातही देऊ शकत नाही. पण थंडीत घर रिकामे ठेवले तर नळ फुटतात आणि विमेवाले हात वर करतात. म्हणून हिवाळ्यासाठी गावातले एखादे कुटुंब आत ठेवायचे, त्याच्याकडून थोडे भाडे घ्यायचे, चूल पेटती ठेवून घ्यायची आणि मेअखेरीस त्याला बाहेर काढायचे. याला सगळे हिवाळी भाडे म्हणतात. खरे पाहता ही राखणदारी आहे, आणि राखणदारच तिचे पैसे मोजतो.

वेल्डाची मुलगी जोलीन पाच हिवाळे अशाच एका घरात राहिली. घर रॉइस हिमेलमनचे. रॉइस इथलाच, वेल्डाच्या वर्गातला; बँकेच्या नोकरीने टोरांटोला गेला, निवृत्त झाला आणि आता उन्हाळ्यापुरता येतो. त्याची आई एडना गावच्या वृद्धाश्रमात आहे आणि जोलीन त्याच वृद्धाश्रमात सेविका आहे. म्हणजे रॉइसच्या आईला जी बाई आंघोळ घाले, भरवे, कुशीवर वळवे, तीच रॉइसच्या आईच्या घरात चूल पेटती ठेवी. एडनाला आता फारसे आठवत नाही, पण रोज संध्याकाळी ती एक प्रश्न विचारते: माझी चूल पेटली आहे का? जोलीन सांगायची, “पेटलीय, एडना मावशी, मी स्वतः लाकडं घालून आलेय.” आठ महिने हे खरे असायचे. उरलेले चार महिने जोलीन तेच वाक्य म्हणायची आणि रात्री मामाच्या अंगणात, शेवंड धरायच्या सापळ्यांच्या ढिगामागे उभ्या असलेल्या चाकांच्या खोलीत, मोटारीमागे ओढायच्या एका जुन्या डब्यात, आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, ऑड्राला, घेऊन झोपायची. पाणी बागेच्या नळीचे. पाऊस लागला की छपराखाली बादली.

वेल्डाकडे जागा नव्हती असे नाही, परवानगी नव्हती. ती वृद्धांसाठी बांधलेल्या इमारतीत एका खोलीत राहते. पाहुणे दोन आठवड्यांहून अधिक ठेवता येत नाहीत, आणि पोटची मुलगी त्या नियमात पाहुणीच ठरते. तेव्हा दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात वेल्डा स्वतःच्या मुलीचे बिऱ्हाड हलवायला मदत करी आणि दुसऱ्या दिवशी, रॉइसकडून मजुरी घेऊन, तेच घर पुसून काढी. नातीच्या उंचीच्या रेघांवर चार वेळा तिने स्वतःच्या हाताने पांढरा रंग दिला. यात काही भयंकर आहे हे तिच्या ध्यानात आले नव्हते असे मी म्हणणार नाही. ध्यानात येऊनही करावी लागणारी कामे माणूस नीटनेटकी करतो. तेवढाच त्याला आधार असतो.

या वर्षी एक आशा होती. बंद पडलेल्या शाळेच्या जागेवर वर्षभर भाड्याने देण्यासाठी बारा घरे बांधावीत असा ठराव नगर परिषदेपुढे आला होता. वृद्धाश्रमाच्या सेविकांना त्यांत पहिला मान मिळणार होता. त्याच सुमारास जोलीनला डार्टमथ शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातून बोलावणे आले: नोकरी, आणि तिच्यासोबत दोन खोल्यांची जागा. उत्तर मेअखेरपर्यंत द्यायचे होते. जोलीनला जायचे नव्हते. पण आणखी एक उन्हाळा चाकांवर काढायची तिची तयारी नव्हती, आणि ऑड्राची त्याहून नव्हती. बारा घरे मंजूर झाली तर राहायचे, नाहीतर जायचे, एवढे मायलेकींत ठरले होते.

परिषदेने निर्णयाआधी गावाची लोकसंख्या, कुटुंबे आणि घरे यांचा आढावा एका सल्लागाराकडून करून घेतला. एप्रिलच्या एका संध्याकाळी अग्निशमन दलाच्या सभागृहात त्याने तो वाचून दाखवला. बायकांनी चहा आणि ओटची बिस्किटे मांडली होती. गाव जवळजवळ सगळे आले होते. रॉइसही मुद्दाम विमानाने आला होता, बाहेरगावच्या घरमालकांनी काढलेल्या करदात्यांच्या मंडळाच्या वतीने.

सल्लागार तरुण होता, अभ्यासू होता, आणि त्याच्या बेरजेत चूक नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण चुकीच्या आकड्यांवर रागावणे सोपे असते. लोकसंख्या घटते आहे. सरासरी कुटुंबात दोन माणसे. दर चार कुटुंबांमागे पाच घरे. घराविना असलेली कुटुंबे: एकही नाही. हे आकडे देशाच्या जनगणनेतले; ती मोजणी मे महिन्याच्या मध्यावर होते, आणि त्या आठवड्यात आमचे प्रत्येक हिवाळी भाडेकरू कुटुंब कुणाच्या ना कुणाच्या छपराखाली असते. पंधरा दिवसांनी ते रस्त्यावर येते. तोवर देशाची मोजणी आटोपलेली असते. मोजणाऱ्याने खोटे लिहिले नाही आणि सांगणाऱ्यानेही नाही. तरी त्या कागदावरचे गाव आणि आमचे गाव ही दोन वेगळी गावे आहेत, आणि अनुदाने, शाळा, दवाखाने कागदावरच्या गावाला मिळतात किंवा नाकारली जातात.

रॉइस सौम्यपणे बोलला. घरे मुबलक आहेत हे आता सिद्धच झाले, शाळेच्या जागेवरून समुद्र फार सुंदर दिसतो, तिथे बाग व्हावी, चार बाके ठेवावीत, एक बाक तो आईच्या नावाने देईल. टाळ्या पडल्या. गावातल्यांनीही वाजवल्या.

वेल्डा उठली. तिने सल्लागाराला विचारले, “पोरा, जूनमध्ये मोजायला कुणी येतं का?”

तो म्हणाला, नाही. पण तो मुद्दा त्याला समजला, आणि तो प्रामाणिक होता. त्याने कागद बाजूला ठेवला आणि सभेला म्हणाला की उन्हाळ्यात ज्यांना राहायला घर नसते त्यांनी कृपया हात वर करावेत. नावे नकोत, तो फक्त संख्या नोंदवील आणि परिषदेने ती विचारात घ्यावी असे लिहील.

सभागृहात त्या वेळी निदान वीस कुटुंबे अशी होती. मी त्यांना ओळखतो. सगळेच सगळ्यांना ओळखतात. लॉइड झिंकचा मुलगा बायकोसह बोटीच्या खोलीत झोपतो. शाळेची बस चालवणारा सासऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर. लॉइड बिस्किट मोडत राहिला. बसवाल्याने छताकडे पाहिले. आमच्याकडे दारिद्र्य चालते, पण ते दिसलेले चालत नाही. अंगणातल्या चाकांच्या खोलीला आम्ही उन्हाळ्याची हवापालट म्हणतो, आणि शेजारीही तेच म्हणून आपल्याला साथ देतात. एकही हात वर गेला नाही.

वेल्डाने शेवटी मागे वळून आपल्या मुलीकडे पाहिले. जोलीनचे दोन्ही हात मांडीवर होते.

“लॉइड,” वेल्डा म्हणाली, “तुझ्या सूनबाईला बोटीवर दिवस गेलेत, आणि तू बिस्किटं खातोयस.”

लॉइड म्हणाला, “माझ्या घरातलं मी बघतो. तू लोकांची घरं पूस.”

कुणीतरी हसले. सल्लागाराने शून्य लिहिले. परिषदेने मत घेतले आणि बारा घरांचा ठराव फेटाळला गेला.

परतताना गाडीत वेल्डाने मुलीला काय विचारले आणि काय नाही, ते तिने मला नंतर सांगितले. ती ओरडली नव्हती. तिने फक्त विचारले की हात का उचलला नाहीस.

“ऑड्राच्या वर्गातल्या तिघी पुढच्या रांगेत होत्या, आई,” जोलीन म्हणाली. “उद्यापासून तिला चाकावरची म्हणाल्या असत्या. आणि रॉइस बसला होता समोर. त्याच्या घरात राहून त्याच्यादेखत हात कसा वर करू?”

“त्याच्या घरात तू राहतेस हे त्याला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. पण दिसलेलं नाही कधी. दिसू नये म्हणूनच तर तू पुसतेस.”

जोलीनने डार्टमथला होकार कळवला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सामान हलले. जायच्या आदल्या संध्याकाळी जोलीन एडनाच्या खोलीत गेली, चूल पेटली आहे असे सांगून आली. सकाळी ऑड्राला घेऊन निघाली. तिच्या जागी रात्रीची सेविका दिवसाला घ्यावी लागल्यामुळे वृद्धाश्रमात त्या आठवड्यापासून एका मजल्यावर रात्रीसाठी कुणी नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना आता आठला झोपवून सातला उठवतात.

रॉइस जूनच्या सुरुवातीला आला. घराच्या पायाभोवती थंडी अडवायला रचलेल्या फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या, ज्या वेल्डा दरवर्षी मेमध्ये उचलते, तपकिरी होऊन तशाच पडल्या होत्या. आत चोरीमारी, मोडतोड काही नव्हती. जोलीनने घर झाडून दिले होते. पण ते पुसलेले नव्हते. तळघरात कोबीचा डाग होता. खिडकीच्या काचेवर एका लहान तळव्याचा ठसा. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ऑड्राची या वर्षीची रेघ, आणि तिच्याखाली चार वर्षांच्या चार रेघा. वेल्डाने रंगाचे चारही थर खरवडून त्या पुन्हा वर काढल्या होत्या. प्रत्येक रेघेवरून तिने पेन्सिल जोर देऊन फिरवली होती.

रॉइस वेल्डाच्या खोलीवर आला. मी तेव्हा तिच्याकडे चहाला बसलो होतो. तो दारातच उभा राहिला.

“वेल्डा, शनिवारी माझ्याकडे पाहुणे येतायत. घर असं कसं ठेवलंस?”

“असं म्हणजे कसं?”

“कुणीतरी राहून गेल्यासारखं.”

वेल्डाने कप खाली ठेवला. “राहूनच गेलेत, रॉइस.”

तो म्हणाला की जोलीन गेल्याचे त्यालाही वाईट वाटते, आई तिची सारखी आठवण काढते. परवा तो आईजवळ बसला असताना आईने चुलीचे विचारले; तो म्हणाला, आई, आता घरात विजेवरची शेगडी आहे, चूल काढायचीच आहे. तेव्हापासून ती जेवत नाही. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत होता, कुणीतरी आपली गैरसोय केल्यासारखे. मग त्याला हा सूर स्वतःलाच ऐकू आला असावा, कारण त्याने आवाज खाली आणला. तो म्हणाला, “तरुण मंडळी शहरात जातात, त्याला आपण काय करणार? त्या अहवालातही तेच होतं. लोक गाव सोडून जातायत.”

वेल्डा उठली. खिळ्यावर टांगलेला किल्ल्यांचा जुडगा तिने खाली काढला. त्यात रॉइसच्या घराची होती आणि किनाऱ्यावरच्या आणखी घरांच्या होत्या. तिचा उदरनिर्वाह त्या कड्यात ओवलेला होता. तिने तो अख्खा त्याच्या हातात दिला.

“या किल्ल्या तुमच्या मंडळात वाटून टाक. आणि पुढच्या मोजणीला तो पोरगा आला, की त्याला नीट सांग. सोडून कुणी गेलं नाही. झाडून काढलं. मला ठाऊक आहे, झाडू माझ्याच हातात होता.”