सनाबिसमधलं मौनभोजन

बहारीनमधल्या सनाबिसला मला जेवायला बोलावणाऱ्या नवराबायकोला मी त्यांच्याच घरात, जेवताना बोलायची बंदी केली.

आठ दिवस क्रोएशियात जुने मठ पाहत हिंडलो होतो. परतताना बहारीनला एक दिवस उतरलो, कारण वसईचा माझा शाळासोबती सायमन इथे हॉटेलात नोकरीला आहे. विमानतळावरून गाडी काढताना तो म्हणाला, "बरा आज आलास. ग्लोरियाला हॉस्पिटलात रात्रपाळी, मला दुपारची. आठवड्यात हे एवढंच जेवण एकत्र होतं. त्यात आज रजेच्या तारखा ठरवायच्यात. दोनला माझी व्हॅन येते, तिच्या हॉस्पिटलातली रजेची यादीही दोनलाच बंद होते, त्याच्या आत दोघांनी रजा टाकली नाही तर नाताळ खलास (संपला)!"

"असं होय? बरं, ऐक. पाश्मान नावाच्या बेटावर एक मठ आहे..."

मॉल मागे पडले, माझे साधू काही मागे पडेनात. अकराव्या शतकात मठ सुधारण्याची लाट आली, खाण्यापिण्यात सैलावलेल्यांना पुन्हा नियमात आणलं, राजांनी जमिनी दिल्या, हे सगळं सांगून झालं. क्रोएशियातल्या काही साधूंनी मात्र लॅटिन नियम आपल्या भाषेत, आपल्या ग्लागोलिटिक लिपीत उतरवून घेतला.

"म्हणजे आपल्या वसईच्या चर्चमधल्या मराठी मिस्सेसारखं (उपासनेसारखं)," सायमन म्हणाला. हे मला सुचायला हवं होतं, म्हणून मी विषय बदलला.

ग्लोरियावहिनींनी हमूरचं (इथला लाडका मासा) कालवण आणि गरम फुगे (आमच्या वसईचे तळलेले गोल पाव) मांडले होते. रात्रभर जागलेले डोळे, तरी हसू. "सायमन, अठराला निघायचं की..." त्यांनी सुरुवात केली आणि मला दिव्य कल्पना सुचली.

"थांबा वहिनी! मठात जेवताना कुणी बोलत नसे. एकजण नियम वाचायचा, मीठसुद्धा खुणेने मागायचं. आज तसंच जेवू. वाचतो मी."

पाहुण्याला नाही कोण म्हणणार? मी मोबाइल काढला आणि अतिखादाडपणावरचं प्रकरण वाचू लागलो. मध्येमध्ये कालवण ओरपत होतो. वाचणाऱ्याला सूट असावी असं मीच ठरवलं. सायमनने बोटांनी काहीतरी अठरा-वीस दाखवलं. वहिनींनी मान हलवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. मला वाटलं, वा, घंटेची शिस्त कळली! मी पुढचं प्रकरण उघडलं.

खाली हॉर्न वाजला. सायमन अर्धा फुगा तोंडात कोंबून बुटांकडे धावला. "ग्लोरिया, अठरा की..." म्हणेपर्यंत लिफ्ट गेली होती.

संध्याकाळी वहिनीच मला विमानतळावर सोडायला आल्या. मठाच्या सुधारणा नेहमी दुसऱ्याच्या ताटापासून का सुरू होतात, ते मला हळूहळू उमगत होतं. तरी जीभ राहीना. "वहिनी, रजेचं काय झालं?"

"गेली. माझ्या जागी दुसरीने टाकली."

"चुकलंच माझं. पण त्या साधूंना हे सगळं कसं जमत असेल हो?"

बॅग माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी निदान लग्नं केली नव्हती. आणि तुमच्यासारखा पाहुणा आला, तर दार लावून घेत असतील."