एकाच जोडीदाराची कुस्ती

मार्च लागला की वसईजवळच्या उमेळ्यात पहाटे दव आणि उकाडा एकाच वेळी असतात. मोगऱ्याची पानं ओली आणि खुडणाऱ्याची पाठही ओली. खाडीकडचं वारं पूर्वी थेट वाडीत यायचं, आता कुंपणाबाहेर सात मजले उभे राहिल्यापासून ते येतं, पण वळसा घालून, दमून आल्यासारखं येतं.

विघ्नेश चौधरी कमरेला फडक्याची झोळी बांधून कळ्या खुडत होता. दुसऱ्या ओळीत त्याची बायको सुरुची. टेम्पो यायच्या आत टोपल्या बांधून व्हायला हव्यात, कारण दादरच्या बाजारात उमललेल्या मोगऱ्याला कुणी विचारत नाही.

"आज जाणार नक्की?" सुरुचीने ओळीतूनच विचारलं.

"जातो ना. एकदा बघायला या म्हणालेत."

"बघायला की दाखवायला?"

विघ्नेश हसला. बायकोपासून काय लपणार? दाखवायलाच चालला होता तो.

त्याचं असं झालं होतं. समोरच्या इमारतीतल्या सलोनी मॅडमनी त्याला गच्चीवरून कित्येकदा वाडीत कसरत करताना पाहिलेलं. महिनाभर मागे लागल्या होत्या. "काका, सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलींना शिकवा. हॉल रिकामाच असतो." हो म्हणायला त्याची जीभ शिवशिवत होती. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी माळ्याच्या पोराला कुणी 'सर' म्हणणार होतं. पण मनात एक खुटखुट होती. तो जे जिऊ-जित्सू, म्हणजे जमिनीवर लोळून खेळायची ब्राझिली कुस्ती, करत होता ते त्याला शिकवलं कुणीच नव्हतं. एकदा कुणा खऱ्या मास्तराने नुसतं "येतं तुम्हाला" म्हणावं, की हॉल घेतलाच, असं त्याने ठरवलं होतं. वसई रोडला तसा क्लास निघाला होता. तिथे तो आज जाणार होता.

ज्या वर्षी मोबाइलवर नेट जवळजवळ फुकट झालं, त्या वर्षीपासूनचं हे खूळ. खूळ एकट्याचं नव्हतं. शेजारच्या वाडीतला फर्डिनंड त्यात अर्धा भागीदार. दोघे शाळेपासूनचे. दोन्ही घरांचं पाणी एकाच बावखलातून, वाड्यांमधल्या तळ्यातून यायचं आणि दोन्ही घरांच्या शिव्याही त्याच बावखलात पडायच्या. फर्डिनंड तेव्हा नव्या इमारतींत छताला पुट्टी मारायचा. कामावर जायच्या आधी, टेम्पो गेला की अर्धा-पाऊण तास दोघे भिडायचे.

गादी कुठून आणणार? केळीची सुकी पानं ढिगाने होती. गुडघाभर पसरली, वर ताडपत्री ताणली, कडेला विटा. मोबाइल चिकूच्या बेचक्यात. पडद्यावर दोन माणसं एकमेकांत गुंतलेली आणि ब्राझीलचा मास्तर पोर्तुगीजमध्ये समजावतोय.

"समजतं का रे काय बोलतो ते?" विघ्नेशने पहिल्याच दिवशी विचारलेलं. "तुमच्या पाद्रीलोकांची भाषा ना ती?"

"पाद्रीलोकांनी मना पाव दिला, भाषा नाय दिली," फर्डिनंड म्हणाला. "तू हात बघ, तोंड कशाला बघतं?"

नेट नेमकं हात पिरगळायच्या वेळी अडकायचं. मग पुढचं दोघे आपल्या अकलेने पुरं करायचे. डावांची मूळ नावं जिभेवर बसेनात, म्हणून घरचीच ठेवली. खालून पायांनी कंबर आवळली की 'विळखा'. एकच पाय सापडला की 'अर्धा चिखलात'. आणि समोरच्याचं मनगट धरून त्याचा हात पाठीमागे फिरवायचा, तो डाव 'आकडी', आंबे काढायच्या काठीवरून.

सुरुची अंगणातून बघायची. "आमच्या वाट्याला कधी एवढ्या मिठ्या आल्या नाहीत," म्हणायची, आणि फर्डिनंड ताडपत्रीवर लोळत हसायचा.

आकडी ही विघ्नेशची. फर्डिनंड त्याच्यापेक्षा ताकदीचा, पाठीवर घेऊन उभा राहायचा. पण त्याचा उजवा हात सापडला की खेळ संपला. जरासा फिरवला की फर्डिनंड लगेच थापटून हार मानायचा. वर्षानुवर्षं, एकदाही चुकली नाही. विघ्नेशला वाटायचं, सगळं अर्धं येत असेल, हे एक मात्र आपल्याला पुरं आलंय.

पुढे फर्डिनंडने पुट्टीचं काम सोडलं आणि सातिवलीला एका गोदामाच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. पगार कमी. विघ्नेशने तेव्हा त्याची भरपूर टर उडवली. "खुर्ची उबवायला चालला! अरे, चाळिशीच्या आत म्हातारा झालास." फर्डिनंड म्हणाला, "सावलीत बसायला नशीब लागते," आणि विषय संपला. ड्युटीमुळे भिडणं रविवारपुरतं उरलं, मग महिन्यातून एकदा, मग विघ्नेश एकटाच ताडपत्रीवर उशी धरून लोळू लागला.

क्लास टाइल्सच्या दुकानाच्या वर होता. निळ्या मॅट, भिंतीला आरसा. मास्तर प्रितेश, अठ्ठावीस-तीसचा असेल, कान कुस्तीत घासून घासून फुलकोबीसारखे सुजून कडक झालेले. विघ्नेशला ते कानच आधी पटले.

"काका, आधी काही केलंय?"

"थोडंफार. घरीच."

नवे तिघे-चौघे होते. प्रितेशने सगळ्यांना बसवून पहिला नियम सांगितला. "सहन होत नाही तेव्हा टॅप करायचं. पण मॅटवर हात आपटू नका, समोरच्याच्या अंगावर आपटा. मॅटवरचं त्याला ऐकू येईलच असं नाही. अंगावरचं कळतंच."

विघ्नेशने मान डोलावली. हे काय शिकवायचं, असं त्याला वाटलं.

मग जोड लागली. आयुष नावाचा बँकेतला तरुण, अंगाने काटकुळा. विघ्नेशने त्याला दोन श्वासांत खाली घेतलं. प्रितेश भुवया उंचावून बघू लागला. उजवा हात सापडला. विघ्नेशने मनगट धरलं, कोपराखालून हात घातला, आकडी अडकवली आणि नेहमीसारखी जराशी फिरवून थांबला.

काहीच झालं नाही. आयुष त्याच्याकडे बघत राहिला.

"चालू आहे का काका?" त्याने विचारलं. चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं.

विघ्नेशने आणखी फिरवायला घेतलं, पण त्यापुढचा रस्ता त्याच्या हातांना ठाऊकच नव्हता. आयुषने कोपर काढून घेतलं आणि तो पाठीवर चढला. दुसऱ्या जोडीला तेच. तिसऱ्या वेळी तर ज्ञानदा नावाच्या कॉलेजच्या मुलीने हात सोडवता सोडवता "सॉरी हां" म्हटलं.

प्रितेश त्याला कडेला घेऊन बसला. "काका, पकड छान आहे. कुणी शिकवलं नाही म्हणता, मग कमालच. पण तुम्ही प्रत्येक वेळी अर्ध्यात थांबता. नेहमी एकाच माणसाशी खेळलात ना?"

"हो."

"त्याचा उजवा खांदा दुखावलेला आहे?"

"नाही बुवा. चांगला धट्टाकट्टा आहे."

"मग विचारून बघा एकदा. धड खांदा इथपर्यंत फिरतो." प्रितेशने स्वतःचा हात मागे, बराच वरपर्यंत नेला. "तुम्ही थांबता तिथे फक्त फाटून आखडलेला खांदाच दुखणार. तुमच्या हातांना त्याचीच सवय लागलीय."

विघ्नेश जिना उतरला. स्कूटर उमेळ्याच्या दिशेने लावलेली होती. त्याने ती वळवली आणि सातिवलीचा रस्ता धरला.

गोदामाच्या गेटवर फर्डिनंड प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेला.

"अरे! फुलं विकायला आला का इथं?"

"हात वर कर."

"काय झाला?"

"उजवा हात वर कर, फर्ड्या."

फर्डिनंडने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पेपराची घडी घातली. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथे थांबला. "एवढाच जाते," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सोड ना."

"कधीपासून म्हणतो मी!"

"पहिल्याच वर्षी. तू तो आकडी नवीन शिकलेला, जोशात होता. मी ताडपत्रीवर थापटला की. दोनदा थापटला. पन खाली पानं ही कडकड वाजत होती. तुना ऐकू नाय आला. तवर आत काहीतरी सुटला."

विघ्नेशला ती सकाळ आठवत नव्हती. तसल्या सकाळी किती गेल्या. पण पानांचा आवाज आठवत होता. कूस फिरवली तरी सगळा ढीग वाजायचा.

"बोलला का नाहीस?"

"मना वाटला मुरगळलाय, बसेल. हळद लावली. मग बायकोनं, ग्लोरियानं डॉक्टरकडे नेला, तो बोलला लई उशीर केला." फर्डिनंडने खांद्यावरून हात फिरवला, दुसऱ्याच कुणाची वस्तू असावी तसा. "आनि तुना सांगितला असता तर तू खेळला असता परत? तुझा तोंड माहीत नाय का मना? मग मी त्या पोर्तुगीजवाल्याशी कुस्ती करायची?"

"म्हणून पुट्टीचं काम सोडलंस."

फर्डिनंडने पेपर खुर्चीखाली सारला. छताला पुट्टी मारायची तर हात डोक्याच्या वर दिवसभर लागतो, हे सांगायची गरज नव्हती.

"आणि मी तुला खुर्ची उबवणारा म्हणालो."

"बरोबरच बोललेला. बघ किती गरम हाय ती." तो उठला. मागे कंटेनरने हॉर्न दिला होता. त्याने डाव्या हाताने कडी काढली, गेट पोटाने ढकललं. विघ्नेश पुढे झाला तसा म्हणाला, "राहू दे. माझी ड्युटी हाय."

गाडी आत गेली. धुरळा बसेपर्यंत दोघे उभे राहिले.

"सलोनी मॅडमला काय सांगतं मग?" फर्डिनंडने विचारलं. त्याला ते सगळं ठाऊक होतं. "शिकव रे. एवढा केला आपण, कुनाच्या तरी कामाला येऊ दे."

विघ्नेशला हो म्हणवेना. त्या पोरींतल्या एखादीने थापटलं आणि आपल्याला कळलं नाही तर? नऊ वर्षं हाताखालचा खांदा फाटलेला होता आणि त्याला आपण आपली कला समजत होतो. रागवायचं तरी कुणावर? फर्डिनंड रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावत नव्हता.

"रविवारी जेवायला या दोघं," विघ्नेश म्हणाला.

"कोळंबी असेल तर येते."

घरी आल्यावर त्याने सलोनी मॅडमना फोन लावला. क्लासचा पत्ता दिला, प्रितेशचं नाव दिलं.

"पण काका, आम्हाला तुम्हीच हवे होतात. ओळखीचे."

"ओळखीचा आहे म्हणूनच सांगतो, मॅडम. तिकडे पाठवा मुलींना. तिथे मास्तर शेजारी उभा राहून बघतो."

सुरुची दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. क्लासमध्ये काय झालं ते तिने विचारलं नाही. "लाइट आलीय," एवढंच म्हणाली. "केळीला पाणी राहिलंय सकाळपासून."

विघ्नेशने शर्ट काढून खुंटीला टांगला, मोटर चालू केली आणि पाइप ओढत शेवटच्या रांगेकडे गेला. पाइपाला मध्येच घडी पडली होती. खाली बसून त्याने ती सरळ केली, पाणी पहिल्या आळ्यात सोडलं आणि आळं भरायची वाट बघत उभा राहिला.