हिंगोली नाक्यावरचा पब आणि गॅसचा वास

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. पहिल्या ओळीत लेखक सांगतो की आपला असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, आणि पाचव्या ओळीत पैंजण वाजायला लागतात. माझ्या अनुभवात पैंजण नाहीत, पिंपळ नाही, अमावस्याही नाही. रविवारची दुपार आहे, एप्रिलचं ऊन आहे आणि एक अत्यंत भिकार पब आहे.

आधी माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मूळचा किन्हीराजाचा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. नोकरी मात्र संभाजीनगरला, एका बिअरच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये... सव्वीस वर्षं. रोज सकाळी अकराला पाच-सहा ग्लास समोर यायचे. वास घ्यायचा, एक घोट तोंडात फिरवायचा आणि सांगायचं – ही बॅच जाऊ द्या, ही थांबवा. गावाकडच्या लोकांना वाटायचं की मी पगार घेऊन पितो. खरं म्हणजे ते काम जिभेचं चार आणे आणि नाकाचं बारा आणे असतं.

चार वर्षांपूर्वी मला ताप आला आणि नाक गेलं. म्हणजे जागेवर आहे, पण वास येत नाही. उदबत्ती, पेट्रोल, फिनेल, फोडणी – काहीच नाही. कारखान्यात तीन महिने मी शेजारी बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मार्क दिले. मग लाज वाटली, गुडघ्याचं कारण सांगितलं आणि राजीनामा दिला. खरं कारण फक्त बायकोला ठाऊक. ज्याची उभ्या जिल्ह्यात ‘नाकवाला’ म्हणून ओळख, त्यानं काय सांगत फिरायचं?

माझी धाकटी बहीण सुलोचना – आम्ही सुली म्हणतो – वाशिमला असते, गावाच्या टोकाला एका नव्या लेआउटमध्ये. तिचे यजमान विलासराव, बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे त्यांचं. सज्जन माणूस, पण वाशिमचा अभिमान जरा जास्त. गेल्या एप्रिलात मी त्यांच्याकडे गेलो होतो. सुलीनं पुरण केलं होतं. जेवणं झाली, ती भांडी आवरायला लागली आणि विलासराव मला म्हणाले, चला, तुम्हाला एक ठिकाण दाखवतो. हिंगोली नाक्यावर त्यांच्या वर्गमित्रानं, प्रशांतनं, जुनी परमिट रूम पाडून पब काढला होता. त्याला माझं मत हवं होतं. विलासराव स्वतः पीत नाहीत, त्यामुळे त्यांना तो पब फारच आवडला होता.

ती जुनी परमिट रूम मला चांगली आठवते. पत्र्याचं शेड, डुगडुगणारी टेबलं, वाटीत फुटाणे. बिअर बाटलीतून यायची, थंड असायची, आणि कोणी तुम्हाला ‘हाय सर’ म्हणायचं नाही. आता तिथं काळी काच. आत प्लास्टिकच्या गवताची भिंत, त्यावर गुलाबी लाईटमध्ये काहीतरी इंग्रजी वाक्य, त्यातही एक स्पेलिंग चुकलेलं. दुपारचे अडीच वाजलेले आणि आत असा अंधार की मेन्यू वाचायला मोबाईलची बॅटरी लावावी लागली. ठेच्याबरोबर नाचोज होते. मसाला पापडाला त्यांनी कसलंसं इटालियन नाव दिलं होतं. वेटरांच्या पँटला खांद्यावरून पट्ट्यांचे गॅलस. बेचाळीस डिग्रीच्या गावात गॅलस! गाणं असं की छातीत धडधडावं, आणि ऐकायला आम्ही धरून पाच गिऱ्हाईकं. त्यातली दोन फक्त फोटो काढत होती.

प्रशांत स्वतः बिअर घेऊन आला. पुण्याहून पिंपं येतात, तोटीतून काढून देतो, वाशिम जिल्ह्यात असं पहिलंच, म्हणाला. लोणच्याच्या बरणीसारखा काचेचा मग होता, त्याला कान. कडेला लिंबाची चकती. विलासरावांसाठी निळ्या रंगाचं काहीतरी आलं. मोरचुदाचं पाणी दिसावं तसं.

मी बिअर उजेडाकडे धरली. फेस दोन मिनिटांत बसला, आणि काचेला कुठंच चिकटला नाही. म्हणजे मग धुताना साबण नीट गेलेला नाही. घोट घेतला तर दात ठणकले. इतकी गार बिअर देतात ती चव लपवायला. जिभेवर कडूपणा नाही, आंबटपणा मात्र आहे, म्हणजे तोटीची नळी महिन्यात साफ झालेली नाही. हे सगळं मी प्रशांतला सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की वासात ओल्या पुठ्ठ्याची छटा आहे. ते शेवटचं मी ठोकून दिलं होतं. सवय जात नाही. प्रशांतचं तोंड उतरलं. विलासराव निळ्या पाण्यात स्ट्रॉ फिरवत बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मला वास आला.

चार वर्षांनी. काहीही! मी आधी मगाकडे बघितलं. बिअरचा नव्हता. गॅसचा होता. सिलेंडरची नळी सैल असली की येतो तो सडक्या कांद्यासारखा, नाकाच्या मुळाशी चिकटणारा वास. मी मग बाजूला सारला आणि पुन्हा पुन्हा हुंगलं. आनंदानं की भीतीनं, आजही सांगता येणार नाही.

मी प्रशांतला म्हणालो, तुमच्या किचनमध्ये गॅस लीक आहे, आधी बघा. तो आधीच दुखावलेला.

“आता वासालेबी नावं ठेवता काय, भाऊ? आमच्याकडं गॅस हायेच नाई. सगळं करंटवर हाये.”

त्यानं मला आत नेऊन दाखवलं. खरंच, सगळ्या इंडक्शनच्या शेगड्या. तंदूर कोळशाचा, तोही गच्चीवर. घरमालक सिलेंडर ठेवू देत नाही, म्हणाला. दोन आचारी माझ्याकडे दारुड्याकडे बघावं तसे बघत होते. मी दोनच घोट घेतले होते.

परत टेबलाशी आलो. वास तिथंच होता, उलट वाढला होता. आणि आता त्याच्यात दुसरा एक वास मिसळला होता... डोकेदुखीचा पिवळा बाम. हा वास मी लहानपणापासून ओळखतो. सुलीला शाळेपासून अर्धशिशी आहे. कपाळाला बाम थापून ती अंधाऱ्या खोलीत पडायची आणि आई आम्हाला ओरडू द्यायची नाही.

मी विलासरावांना विचारलं, सुलीचं डोकं दुखत होतं का आज? ते म्हणाले, सकाळपासूनच. पण तुम्ही आलात, पुरण करायचं होतं, म्हणून ती बोलली नाही.

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. विलासराव म्हणाले की गोळी घेऊन झोपली असेल. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, घरी चला. का, ते मला सांगता येईना. ते वैतागले, मित्रासमोर त्यांची शोभा झाली होती. पण मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो, तेव्हा नाइलाजानं आले. पबच्या काचेबाहेर पाऊल टाकलं आणि वास गेला. पुसल्यासारखा. गाडीत मी खिडकी उघडून श्वास ओढत होतो. नुसतं ऊन लागत होतं.

साडेतीन किलोमीटर.  घराचं दार बंद होतं. मी पुढे झालो आणि बेल दाबायला हात उचलला. विलासरावांनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की दुखलं.

“बटन दाबू नका. गॅस सुटेल हाये. तुमाले वास नाई येऊन राह्यला काय?”

नव्हता येत.

त्यांनी किल्लीनं दार उघडलं. नाकाला रुमाल लावून ते बेडरूमकडे धावले, मी स्वयंपाकघरात गेलो. शेगडीची बटणं बंद होती. सिलेंडरची नळी खाली उंदरानं कुरतडलेली, आणि फस्स असा बारीक आवाज. मी रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं. गॅस जिथं सगळ्यात दाट होता तिथं उभा राहून मी छाती भरून श्वास घेतला. हवा. नुसती हवा. अंगणात शेजारच्या बायका पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि मी आत उभा राहून काहीतरी हुंगायचा प्रयत्न करत होतो.

सुली सापडली. बेडरूमचं दार बंद होतं, एसी चालू होता, म्हणून आत गॅस कमी शिरला होता. पण गोळीच्या गुंगीत तिला पत्ता नव्हता. विलासरावांनी तिला धरून बाहेर आणलं. अंगणात दोनदा उलटी झाली, मग सावध झाली. कपाळ बामानं पिवळं होतं. डॉक्टर म्हणाले की तास-दीड तास उशीर झाला असता, किंवा ती उठून चहाला गॅस पेटवायला गेली असती, तर अवघड होतं.

संध्याकाळी अंगणात बसलो. विलासराव फोनवर एकेकाला सांगत होते की भाऊंना पबातून वास आला. सुली माझ्याकडे बघत होती. तिनं दारातलं बोलणं नंतर नवऱ्याकडून ऐकलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, नाकाचं, नोकरीचं. तिनं एवढंच विचारलं:

“मंग चार वर्सं माह्या सैपाकाले चांगला काहून म्हनत व्हता तू?”

मी म्हणालो, मीठ कळतं. ती हसली नाही. आत गेली आणि मला न विचारता ताटात पुरण वाढून आणलं. मी सगळं खाल्लं. तिनं या वेळी कसं झालं म्हणून विचारलं नाही.

पुढे संभाजीनगरला नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं की नाक मेलंय ते मेलंयच. पण अशा माणसांना कधीकधी नसलेला वास येतो, मेंदूचा भास असतो. मान्य. भास होतो. पण भासाला पत्ता असतो का? आणि तो बाम? जेवताना सुलीच्या अंगाला बामाचा वास आला असेल म्हणावं, तर तो यायला मला नाक कुठं होतं? डॉक्टरांनी योगायोग म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी त्या पबमध्ये पुन्हा दोनदा गेलो. त्याच टेबलाशी, तीच वेळ, तीच पातळ बिअर. प्रशांतनं नळी साफ केलेली दिसली. मगात साबण होताच. काही आलं नाही. माझ्या बहिणीची सासू म्हणते देवीनं वास धाडला. देवीला धाडायचाच होता तर तिनं गुलाबी लाईटखालची ती जागा का निवडली, हे मला कोणी सांगत नाही. कमेंटमध्ये ‘सिक्स्थ सेन्स’ लिहिणाऱ्यांनी कृपया लिहू नये. मला पाचही नीट मिळालेले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्याकडे दूध उतू जाऊन शेगडी विझली. बायको गच्चीवर होती. मी शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलो होतो, गॅस खोलीभर पसरत होता. मला काहीच कळलं नाही. बायकोनं ऑनलाइन मागवून भिंतीला लावलेला गॅसचा अलार्म कोकलायला लागला, तेव्हा उठलो.